साडेसात टनांच्या वर

माझी वहिनी रोझविटा सत्तावीस वर्षं घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करत होती. आमच्याकडच्या आल्ब नावाच्या डोंगराळ पठारावरची अकरा गावं तिच्या वाट्याला होती. रस्त्यावर गुडघाभर बर्फ असलं तरी सकाळी सहाला तिची छोटी पांढरी गाडी अंगणातून बाहेर पडायची. साखरेने चिघळलेले पाय, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, आणि त्या म्हाताऱ्यांपेक्षा कुरकुऱ्या त्यांच्या सुना. एवढं सगळं करून तिने आवाज चढवलेला मी त्या सगळ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. फार चिडली की "अस्सं" एवढंच म्हणायची आणि बादली घेऊन खिडक्यांच्या काचा पुसायला लागायची. आमच्या गल्लीत सगळ्यांत लखलखीत काचा तिच्या घराच्या होत्या आणि त्याला कारण माझा भाऊ ओटमार.

ओटमार वाईट नाही. पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तो फिटर होता, हात सोन्याचे. पण पन्नाशीनंतर त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. जुन्या लष्करी नाहीतर अग्निशमन दलाच्या ट्रकवर राहायची खोली बसवून वाळवंटात फिरणारी काही माणसं असतात, त्यांचं लिखाण तो रोज संध्याकाळी संगणकावर वाचत बसायचा. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं. वाळूत जाताना टायरमधली हवा किती कमी करायची हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं हे मात्र ठाऊक नव्हतं.

तो निवृत्त झाला त्या वसंतात, एका रविवारी दोघं माझ्याकडे कॉफीला आली होती. मी वेणीचा गोड पाव केला होता. त्यावर लोणी फासता फासता ओटमार म्हणाला, "सोल्टाउजवळ एक आहे."

"काय आहे?" रोझविटाने विचारलं.

"नुसतं बघून यायचं. बघायला काय जातंय?"

"नुसतं बघायला जाणारा माणूस बँकेतून त्रेचाळीस हजार युरो काढत नाही, ओटमार. मी शुक्रवारी पासबुक पाहिलंय."

ओटमारने पावाचा मोठा घास घेतला, म्हणजे उत्तर द्यायला नको. रोझविटा माझ्याकडे वळली. "गेरलिंडे, तूपण चल. मला एक साक्षीदार हवा."

म्हणून आम्ही तिघं आगगाडीने उत्तरेला गेलो. ट्रक विकणारे गृहस्थ डिर्कसेन म्हणून होते. उंच, वाकलेले, आणि बोलताना आमच्याकडे नाही तर ट्रककडे बघणारे. ट्रक शेवाळी हिरवा होता, चाकं माझ्या छातीपर्यंत, आणि आत चढायला शिडी. आतली खोली त्यांनी सात वर्षं खपून स्वतः बांधली होती. लाकूडकाम इतकं नेटकं होतं की ओटमार तिथेच पाघळला. एकेक खण उघडायचा, बंद करायचा, परत उघडायचा.

"खूप फिरला असाल यातून," रोझविटा म्हणाली.

"डेन्मार्कला गेलो होतो," डिर्कसेन म्हणाले.

"आणि?"

"डेन्मार्कलाच. दोनदा."

रोझविटाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"वजन किती आहे याचं?" तिने विचारलं. हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. आमच्या पिढीच्या जुन्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं, त्याच्या वर गेलात की ट्रकचा वेगळा परवाना लागतो.

"कागदावर सात हजार चारशे नव्वद किलोची मर्यादा आहे. गाडी सात हजाराच्या आसपास भरेल."

"आसपास म्हणजे?"

"आसपासच, बाई."

"काट्यावर घातलीत का कधी?"

"रोझविटा!" ओटमार आतून ओरडला. "इथे ओव्हनपण आहे! तुला ओव्हन हवा होता ना?"

तिला ओव्हन कधीच हवा नव्हता. पण तिने वाकून पाहिलं. छोटासा, गॅसवर चालणारा, स्वच्छ. मला वाटतं त्या क्षणी ती थोडी विरघळली. निवृत्तीला तिला दीड वर्ष उरलं होतं आणि त्यानंतर काय करायचं याचा विचार तिने केलेला नव्हता. कुठेतरी समुद्राकाठी सकाळी दार उघडायचं आणि त्या दिवशी कुणाचीच जखम बांधायची नाही, एवढं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं. हे तिने मला फार नंतर सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घे बाबा. तू घेणारच आहेस."

परतीचा प्रवास सहाशे किलोमीटरचा. त्याला दोन दिवस लागले. ताशी ऐंशीच्या वर गेलं की पुढचं सगळं थरथरायला लागायचं आणि दारांच्या काचा आपोआप खाली उतरायच्या. आवाज एवढा की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. हीटर चालू झाला तो बंद होईना, आणि त्याचा सगळा झोत रोझविटाच्या उजव्या पायावर. काझेलच्या पुढे चढ लागले तेव्हा आमच्या मागे एवढी रांग लागली, जणू कुणाची अंत्ययात्रा चाललीय. एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली शिरताना ओटमारने ऐन वेळी ब्रेक दाबला. ट्रक आणि छपरात चार बोटांचं अंतर होतं.

"बघितलंस?" तो आनंदाने ओरडला. "ब्रेक कसले कडक आहेत!"

"अस्सं," रोझविटा म्हणाली. पुसायला खिडकी हाताशी होती, पण तिची काच खाली उतरलेली होती.

घरी आल्यावर ट्रक अंगणात मावेना. फाटकाचा एक खांब काढावा लागला. मग ओटमारने आत सामान भरायला सुरुवात केली. तीनशे लिटर पाणी, दोन टाक्या डिझेल, हत्यारांची पेटी, सुटी चाकं दोन, चाकाखाली घालायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि रुतलेला ट्रक पोलादी दोराने ओढून काढायचं ते विंच. रोझविटा रोज कामावरून येताना हे बघायची. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "आधी काट्यावर घाल. नाहीतर मी त्यात पाऊल ठेवणार नाही."

गावाबाहेर खडीची खाण आहे, तिथे मोठा वजनकाटा आहे. काट्यावरचा श्वेंक आमच्या ओळखीचा, त्याच्या आईचे पाय रोझविटाच बांधायची. त्याने आकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"ओटमार, आत चर्चची घंटा भरलीय का रे?"

"का? किती?"

"आठ हजार दोनशे साठ."

ओटमार म्हणाला काटा बिघडलाय. श्वेंक म्हणाला, गेल्याच महिन्यात तपासून शिक्का मारून घेतलाय. ओटमार म्हणाला, वाऱ्यामुळे असेल. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

त्यानंतरचा उन्हाळा ओटमारने ट्रक हलका करण्यात घालवला. आधी ओव्हन गेला. मग न्हाणीचं दार गेलं, घडीच्या खुर्च्या गेल्या, रोझविटाच्या बाजूची गादी जाऊन तिथे पातळ फोमची चटई आली. तिच्या कपड्यांचे दोन खण होते, त्यांतला एक गेला. दर शनिवारी ट्रक काट्यावर. श्वेंकने एक वहीच घातली. खाणीतली माणसं आकड्यावर बिअरच्या पैजा लावायला लागली. ऑगस्टच्या शेवटी आकडा सात हजार नऊशे दहावर आला आणि तिथून हलेना.

त्या दिवशी मी त्यांच्या अंगणात अलुबुखारांची टोपली द्यायला गेले होते. ओटमार हातात पान्हा घेऊन ट्रकमधल्या रोझविटाच्या स्वयंपाकाच्या ओट्याकडे बघत होता.

"हात लावून बघ," ती म्हणाली.

"अगं, चारशे किलो आणखी काढायचेत."

"मग विंच काढ."

"विंच? वाळवंटात रुतलो तर?"

"वाळवंटात दोर बांधणार कशाला? वाळूला?"

ओटमारने विंचकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या वाचनात हा प्रश्न त्याला पडलेला दिसला नाही.

"आणि हा खेळ चाललाय कशाला?" ती म्हणाली. "कागदावरची मर्यादा बारा टनांची करून घे आणि ट्रकचा परवाना काढ. तुझ्यासारख्याला अवघड आहे का? मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. दरवेळी तू म्हणतोस, बघू. काय बघू?"

ओटमार पान्हा उलटासुलटा करत राहिला. मग ट्रकच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "मला नाही मिळणार," तो म्हणाला.

"का?"

"डावा डोळा. लहानपणापासून आळशी आहे, त्याला कमी दिसतं. चार वर्षांपूर्वी उल्मला डॉक्टरांना दाखवलं. छोट्या गाडीला चालतो, जुना परवानाही चालतो. ट्रकच्या नव्या परवान्याला नाही."

हे मलाही माहीत नव्हतं, आणि मी त्याची सख्खी बहीण. लहानपणी तो चेंडू झेलताना नेहमी चुकायचा. आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो.

रोझविटा शिडीसमोर येऊन उभी राहिली. मग तिचा आवाज चढला, मी पहिल्यांदाच ऐकला. "चार वर्षं! मी दिवसभर परक्या लोकांचे पाय बघते, डोळ्यांत औषध घालते, कोण गोळ्या घेत नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. आणि माझ्या घरातला माणूस उल्मला गुपचूप डॉक्टरकडे जातो? मला कुठे जातो म्हणून सांगितलं होतंस?"

"स्क्रू आणायला," ओटमार म्हणाला.

"आणि हे माहीत असून हा डोंगर घेतलास?"

"वाटलं, सात हजाराच्या आसपास असेल."

मी टोपली घराच्या पायरीवर ठेवली आणि निघाले. मला वाटलं, उद्या गल्लीतल्या सगळ्यांच्या खिडक्या पुसून निघतील. पण दुसऱ्या दिवशी काचा तशाच होत्या. सोमवारी कामावरून सुटल्यावर रोझविटा थेट रॉयटलिंगेनच्या ड्रायव्हिंग शाळेत गेली आणि तिने स्वतःचं नाव घातलं. तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती.

तिला शिकवायला नेजला आयदोआन नावाच्या बाई होत्या. चाळिशीच्या, बुटक्या, वडील तुर्कस्तानातून इथे ट्रक चालवायला आलेले. पहिल्याच दिवशी त्या रोझविटाला आडनावाने हाक मारून म्हणाल्या, "बॉयर्ले बाई, आरसा केस बघायला नसतो. दर पाच सेकंदांनी बघायचा."

"माझे केस बघण्यासारखे राहिलेत कुठे?"

"मग सोपं जाईल."

रोझविटाला त्या आवडल्या. पण शिकणं सोपं गेलं नाही. तिचा हात छोट्या गाडीवर बसलेला, वळण लवकर घ्यायची सवय, आणि मागची चाकं फुटपाथच्या कडेवर चढायची. शिवाय घरी ओटमार वाट बघत बसलेला असायचा. हातात वही. "आज काय शिकवलं? गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायला शिकवलं का? नाही? अरेरे!" तो स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण हातात धरून तिला वळण कसं घ्यायचं ते दाखवायचा. ती डाळ आणि श्पेट्सले, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया, ढवळत उभी राहायची.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. गोल चौकात मागचं उजवं चाक कडेवर चढलं. परीक्षक सभ्य होते, म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, कडेवर कुणी उभं नव्हतं." घरी आल्यावर ओटमारने तोंड उघडलं, "मी सांगत होतो, झाकण मोठं वळवायचं," तेव्हा तिने ते झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं, पातेल्यावर ठेवलं आणि माझ्याकडे चालत आली. त्या आठवड्यात ती माझ्याकडेच जेवली. बुधवारी ओटमार दारात आला आणि म्हणाला, "तिला सांग, मी आता झाकणाबद्दल बोलणार नाही." मी म्हटलं, "ती आत बसलीय, तूच सांग." तो दारातच थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "रोझविटा, मी झाकणाबद्दल बोलणार नाही." ती आतून म्हणाली, "आणि क्लचबद्दल?" तो विचारात पडला. शेवटी म्हणाला, "तेवढं जमेल असं वाटत नाही."

नोव्हेंबरात ती पास झाली. आयदोआन बाईंनी तिला मिठी मारली आणि तुर्की कॉफीचा एक डबा दिला. हिवाळ्यात ट्रकचे कागद बारा टनांचे झाले, गादी आणि दुसरा खण परत आले. ओव्हन मात्र ओटमारने कुणालातरी देऊन टाकला होता.

एप्रिलमध्ये ट्रकची पहिली चाचणी घ्यायची म्हणून दोघं माझ्या कुरणात आली. माझं कुरण सफरचंदांच्या झाडांखाली आहे, उताराचं, आणि एप्रिलमध्ये तिथे ओल असते.

"जमीन मऊ आहे," रोझविटा म्हणाली. "गेरलिंडे, मऊ आहे ना?"

"मी तर गाईपण नेत नाही मेपर्यंत."

"हा ट्रक चंद्रावर जाईल," ओटमार म्हणाला. "जा तू बिनधास्त. चारही चाकं ओढतात."

ती वीस पावलं गेली असेल. मग ट्रक शांतपणे खाली बसला, एखादी म्हातारी गाय बसते तसा. चाकं गरगरली, चिखल उडाला, ओटमारच्या चष्म्यावर बसला. चिखलातही सगळी चाकं एकजुटीने फिरावीत म्हणून ट्रकला एक लॉक होतं. ओटमार बाजूने ओरडत होता, "लॉक दाब! चाकांचं लॉक दाब!"

"दाबलंय!"

"दाबलेलं नाही!"

"दाबलंय, ओटमार! पिवळं बटण, तूच त्यावर चिठ्ठी लावलीस!"

अर्ध्या तासात निम्मं गाव कुंपणाशी जमलं. कुणीतरी बिअर आणली. शेवटी गावातला गोटहिल्फ आपला ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्याने त्या बारा टनी, चंद्रावर जाणाऱ्या ट्रकला साखळी लावून मागे ओढून काढलं. माझ्या कुरणात अजून दोन खड्डे आहेत. संध्याकाळी ओटमार ट्रकखाली शिरला तेव्हा कळलं की लॉकला हवा पोचवणारी नळी त्याने मार्चमध्ये साफ करायला काढली होती आणि परत जोडायची राहून गेली होती. हे त्याने तिला सांगितलं नाही. मला सांगितलं. मी तिला सांगितलं.

"अस्सं," ती म्हणाली, आणि माझ्याच काचा पुसायला घेतल्या.

तिची निवृत्ती झाली त्या ऑक्टोबरात दोघं जेनोआहून बोटीने समुद्रापलीकडे ट्युनिसला गेली आणि तिथून दक्षिणेला, दूझ गावाच्या पुढे वाळवंटात. पुढची हकीकत मी दोघांकडूनही ऐकली आहे. ओटमारची अडीच तासांची आहे, तिची दहा मिनिटांची, म्हणून तिचीच सांगते.

तिथल्या नियमाप्रमाणे त्यांनी वाटाड्या घेतला होता. मबरूक नावाचा साठीचा माणूस, त्याची स्वतःची जुनी पिकअप. पहिला मोठा वाळूचा चढ आला तेव्हा ओटमारने टायरची हवा चारदा मोजली, उतरून पुढे गेला आणि चढाच्या मध्यावर उभा राहून हात हलवायला लागला. डावीकडे, उजवीकडे, थांब, ये, थांब. रोझविटा दोनदा निघाली, दोनदा त्याचा हात वर गेला म्हणून थांबली. मऊ वाळूत थांबलं की चाक बसतं. दोनदा खाली उतरून फावड्याने वाळू उपसली, पट्ट्या घातल्या. ऊन मरणाचं होतं. ओटमार वरून ओरडत होता, "अगं, थांबायचं नसतं!"

"मग थांब म्हणून हात कशाला करतोस?"

"तो थांब नव्हता! तो हळूचा हात होता!"

मबरूक पिकअपच्या सावलीत बसून चहा पीत होता. तो तिला शांतपणे म्हणाला, "ताई, हे तुमचे मालक आहेत की वाहतूक पोलीस?"

रोझविटा म्हणते, त्याच वेळी तिच्या आत काहीतरी सुटलं. ती वर चढली, दार ओढून घेतलं, काच वर केली आणि काचेला कागदाचा बोळा लावला, म्हणजे ती परत उतरायला नको. ओटमारचा आवाज बंद झाला. इंजिनाचा तेवढा उरला. तिने थोडं मागे घेतलं, कडक जमिनीपर्यंत, आणि मग निघाली. ओटमार बाजूला उडी मारून पडला. त्याचं तोंड हलताना तिला दिसलं. ती माथ्यावर पोचली, ट्रक क्षणभर आभाळाकडे नाक करून राहिला आणि मग पलीकडे उतरला. पलीकडेही सगळी मऊ वाळू. थांबायचं नसतं हे आता तिला कळलंच होतं, म्हणून ती थांबली नाही. तीन किलोमीटरवर टणक सपाटी लागली, तिथे थांबली.

मबरूकने ओटमारला पिकअपमध्ये बस म्हटलं. ओटमार म्हणाला, नको, मी चालणार, ट्रकच्या चाकांच्या खुणा बघायच्यात. पाऊण तासाने तो पोचला. लाल झालेला, बुटात वाळू, टोपी हरवलेली. तोवर तिने कॉफी केली होती आणि मनाशी सगळी तयारीही केली होती. तो काहीही बोलला तरी काय म्हणायचं ते ठरलेलं होतं.

ओटमारने कप घेतला, एक घोट प्यायला.

"तिसऱ्या गिअरमध्ये होतीस का?"

"दुसऱ्या."

"तिसरा हवा होता," तो म्हणाला. मग आणखी एक घोट घेऊन म्हणाला, "पण खुणा सरळ आहेत. एकदम सरळ. मला इतक्या सरळ जमल्या नसत्या."

तिने मला दूझहून फोन केला तेव्हा मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. आत गेले आणि झोपले. भर दुपारी तीन वाजता, बूटही न काढता."

ट्रक सध्या माझ्या गोठ्यामागे उभा असतो, कारण फाटकाचा खांब त्यांनी परत बसवला. या वर्षी ओटमारला परत वाळूत, मॉरिटानियाला जायचंय आणि तिला नॉर्वेला. गेले तीन आठवडे दोघंही हे एकमेकांना नाही, मला सांगतात. तो नकाशे घेऊन येतो, ती कॉफी प्यायला येते. मी दोघांनाही हो म्हणते. पण चालवणार ती आहे, तेव्हा मी लोकरी मोजे विणायला घेतलेत. दोन जोड झाले, तिसरा चालू आहे.